हेरल्ड, स्नाइप आणि एक सोयरीक

उपेंद्र खांबेट्यांना गाडीतलं काहीही कळत नव्हतं, आणि हे ते स्वतःच सगळ्यांना हसत हसत सांगायचे. बॉनेट उघडलं की त्यांना परक्याच्या स्वयंपाकघरात शिरल्यासारखं वाटायचं, कशाला हात लावायची सोय नाही. शारजातल्या हमरिया फ्री झोनमधल्या एका रंगाच्या कारखान्यात ते क्वालिटी मॅनेजर होते. दुबईतल्या अल बर्शातून रोज जाऊन येऊन करायचे, आणि टायर पंक्चर झालाच तर रस्त्याच्या कडेला उभं राहून मदतीला फोन लावायचे आणि मदत येईपर्यंत त्या टायरकडे पाठ करून उभे राहायचे.

पण जुन्या इंग्रजी गाड्यांची नावं! ती विचारा. कुठल्या गाडीला कुठलं नाव का दिलं, आधी दुसरं काय ठरलं होतं, ते कुणी बदललं, हे सगळं या माणसाला तोंडपाठ. का? काय उपयोग? देवालाच ठाऊक. कुणाला तिकिटं जमवायचा नाद असतो, कुणाला दारूचा. उपेंद्ररावांना हा होता, आणि दारूचा परवडला असता असं छायाताई चारचौघांत म्हणायच्या. दारुडा निदान झोपतो तरी.

आणि हा नाद गुपचूप करायचा नव्हे. सांगायचा! कुणी नुसतं म्हणावं, "आज वारा छान सुटलाय," की हे लगेच सरसावून बसायचे. "वाऱ्यावरून आठवलं. फोर्डची झेफिर. झेफिर म्हणजे ग्रीक लोकांचा पश्चिमेचा वारा." समोरचा माणूस घड्याळ बघायला लागला की ह्यांना वाटायचं, रंगलाय गडी. माणूस उठून गेला की कळायचं, नव्हता रंगला. मग घरी येऊन स्वतःलाच म्हणायचे, "उपेंद्रा, तू म्हणजे बंद न होणारा रेडिओ आहेस रे." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चालू.

कुशलच्या बॉसच्या घरी तर त्यांनी कहर केला होता. कुशल हा त्यांचा एकुलता एक मुलगा, दुबईतच जन्मलेला, आर्किटेक्ट. बॉसने सगळ्या स्टाफला आईवडिलांसकट जेवायला बोलावलं. बॉसची बायको जर्मन. उपेंद्ररावांनी बायकोची ओळख करून दिली, ती अशी: "ही माझी पत्नी, छाया. छाया म्हणजे शॅडो. माझी सिल्व्हर शॅडो!" इथे थांबले असते तर लोक म्हणाले असते, काय गोड माणूस आहे. पण थांबतील तर ते खांबेटे कसले? रोल्स रॉइसच्या त्या गाडीचं नाव आधी सिल्व्हर मिस्ट ठरलं होतं, मिस्ट म्हणजे धुकं, पण जर्मन भाषेत मिस्ट म्हणजे शेण, म्हणून ऐनवेळी बदललं, हे सगळं त्यांनी साग्रसंगीत सांगितलं. त्याच वेळी जर्मन बाई हातात चॉकलेटच्या गोडाचं मोठं भांडं घेऊन टेबलाशी आली होती. तिने भांड्याकडे पाहिलं, छायाताईंकडे पाहिलं, आणि भांडं ठेवून आत गेली.

म्हणून तिघं पूर्व किनाऱ्यावरच्या खोर फक्कानला निघाले तेव्हा कुशलने शारजा सोडल्या सोडल्याच विषय काढला. गाडी तोच चालवत होता.

"बाबा, आय नीड अ प्रॉमिस."

"बोल की."

"आज नो कार नेम्स. प्लीज. एकही नाही. दिस इज माय लाइफ."

आता हे काही उगीच नव्हतं. आज संजनाच्या आईवडिलांना पहिल्यांदा भेटायचं होतं. संजना कुशलच्याच ऑफिसात होती, दोघांचं कधीचं ठरलेलं होतं. तिचे वडील धनंजय पेडणेकर खोर फक्कानच्या बंदरावर कंटेनरच्या कामात मोठ्या हुद्द्यावर होते. माणूस जुन्या वळणाचा. मुलीने मुलगा निवडला याला त्यांची ना नव्हती, पण घरं एकमेकांना पसंत पडल्याशिवाय पुढचं बोलणं नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. संजना वडिलांचा शब्द मोडणारी नव्हती, आणि कुशल संजनाशिवाय दुसऱ्या कुणाचं नाव ऐकून घेणारा नव्हता. सगळं आजच्या दिवसावर होतं.

"अरे, पण मी कशाला काढीन गाड्यांचा विषय? समुद्रावर तर चाललोय," उपेंद्रराव म्हणाले.

कुशलने एकदा आरशातून आईकडे पाहिलं. "बाबा, तिथे आज क्लासिक कार्सचं गॅदरिंग आहे. कॉर्निशवरच. संजनाचे बाबा सेड, छान गर्दी असते, तिथेच भेटू."

उपेंद्रराव सीटवर एकदम ताठ झाले. म्हणजे देवाने ताट वाढलं आणि हात बांधले! डोंगरातले बोगदे एकामागून एक येत होते, आणि ते प्रत्येक बोगद्यात एक एक गाडी मनातल्या मनात आठवून तिच्यावर पाणी सोडत होते.

"मग मी बोलायचं तरी काय?"

"जस्ट से नाइस. कुणी काही दाखवलं, से नाइस."

"शपथ घ्या," छायाताई मागून म्हणाल्या. "माझी घ्या. नाहीतर नको, माझी तुम्ही मोडाल. त्याची घ्या."

उपेंद्ररावांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवून शपथ घेतली. तो खांदा आता त्यांच्या खांद्यापेक्षा रुंद होता, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं.

कॉर्निशच्या रस्त्यावर हिवाळ्याचं कोवळं ऊन पडलं होतं. एका बाजूला समुद्र, लांब बंदराच्या क्रेन्स, आणि मधे ओळीने गाड्या! उपेंद्ररावांचे पाय आपोआप तिकडे वळले. आयुष्यभर नुसती चित्रं पाहिलेला माणूस तो. त्यातल्या कितीतरी गाड्या त्यांना आज पहिल्यांदा प्रत्यक्ष दिसत होत्या. एकेकीच्या जवळ जाऊन "काय गं, कशी आहेस?" असं विचारावंसं वाटत होतं. पण शपथ.

पेडणेकर मंडळी वाटच पाहत होती. धनंजयराव ठेंगणे, गोल, कडक इस्त्रीच्या शर्टातले. त्यांच्या पत्नी आशाताई शांत, हसऱ्या. संजना वाकून पाया पडली तेव्हा उपेंद्ररावांना भरून आलं आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं, "नाइस."

आशाताईंनी चमकून नवऱ्याकडे पाहिलं.

"चला, चला, आधी गाड्या बघू!" धनंजयराव म्हणाले. "उपेंद्रराव, तुम्ही माझ्याबरोबर या. मला या गाड्यांची फार आवड. एकेक नाव ठेवलंय बघा, काय सांगू तुम्हाला!"

उपेंद्ररावांना वाटलं, आपण चुकून झोपेत आहोत.

पहिलीच गाडी मॉरिस मायनर. गुबगुबीत, फिक्या हिरव्या रंगाची. धनंजयरावांनी घसा साफ केला. "ही मायनर. नाव का, माहितीय? इतकी सोपी, की अल्पवयीन मुलंसुद्धा चालवू शकतील. म्हणून मायनर."

अरे देवा. उपेंद्ररावांच्या कानशिलाची शीर उडायला लागली. असं नाही हो! हिचं पाळण्यातलं नाव मॉस्किटो! मच्छर! कागदावर ती मच्छर म्हणूनच जन्मली, आणि बाजारात आणताना कंपनीने आपल्याच एका जुन्या छोट्या गाडीचं नाव काढून हिला चिकटवलं! हे सगळं त्यांच्या जिभेच्या टोकापर्यंत आलं, दातांवर आपटलं आणि परत गेलं. कुशल पलीकडून टक लावून बघत होता.

"नाइस," उपेंद्रराव म्हणाले.

पुढे मॉरिस ऑक्सफर्ड. आपल्या अँबॅसडरची सख्खी आई. तिला पाहून कुठल्याही भारतीय माणसाचे डोळे ओले व्हावेत. धनंजयराव म्हणाले, "ही खास ऑक्सफर्डच्या प्रोफेसर लोकांसाठी बनवायचे. सामान्य माणसाला विकतच नसत."

कारखाना ऑक्सफर्डला होता हो! कारखाना! उपेंद्ररावांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. मूठ इतकी आवळली की नखं तळव्यात रुतली.

"नाइस."

हंबर सुपर स्नाइप आली. धनंजयराव म्हणाले, स्नाइप म्हणजे बंदूकवाले स्नायपर असतात ना, त्यांच्यासाठी युद्धात ही गाडी काढली. स्नाइप हा चिखलात लांब चोच खुपसत हिंडणारा एक साधा पक्षी आहे, हे जगात त्या क्षणी फक्त उपेंद्ररावांना माहीत होतं आणि त्यांच्या नशिबी तोंड मिटून उभं राहणं होतं. मग ट्रायम्फ हेरल्ड. "हेरल्ड नावाचे एक थोर इंजिनीअर होऊन गेले," धनंजयराव गाडीच्या टपावर हात ठेवून भाविकपणे म्हणाले. "त्यांच्या स्मरणार्थ."

कुठले इंजिनीअर, कुठलं स्मरण! कंपनीच्या बड्या साहेबाची एक बोट होती, तिचं नाव हेरल्ड, तेच गाडीला दिलं, इतकी साधी गोष्ट! उपेंद्ररावांना घाम फुटला. त्यांनी खिशातून खजूर काढून तोंडात कोंबला, बीसकट. त्यांना मनातून धनंजयरावांचा भयंकर राग आला होता. काय हा माणूस! काही माहीत नसताना इतक्या ठामपणे बोलतो! आणि मग, खजुराची बी दाढेखाली आली तेव्हा, त्यांना दुसरंही वाटलं. अरे, मीसुद्धा लोकांना असाच दिसतो की. फक्त माझं बरोबर असतं. ऐकणाऱ्याच्या पायाला रग लागते ती दोन्हीकडे सारखीच.

"नाइस," ते खजुरातून म्हणाले.

धनंजयरावांचा आवाज आता उतरायला लागला होता. पुढच्या दोन गाड्यांपाशी ते काही बोललेच नाहीत. नुसतं हाताने दाखवलं. उपेंद्ररावांना हायसं वाटलं. त्यांना वाटलं, आपण जिंकत आहोत.

तंबूत खुर्च्या मांडल्या होत्या. करक चहा आला. दोन दिरहमचा कागदी कप, म्हणजे पन्नास रुपयांच्या घरातला चहा, असं सवयीने म्हणायला सुद्धा आज छायाताईंना सुचलं नाही. आशाताईंनी त्यांना बाजूला घेतलं होतं, आणि परत आल्या तेव्हा छायाताईंचा चेहरा उतरलेला होता. त्यांनी नवऱ्याला दंडाला धरून तंबूच्या मागे नेलं.

"अहो, काय चालवलंय काय तुम्ही?"

"काय? मी काय केलं? एक शब्द बोललो असेन तर..."

"तेच तर! त्या बाई रडकुंडीला आल्यात. म्हणतात, मुलाच्या वडिलांना आमचं घर पसंत दिसत नाही. दोन तास झाले, एक धड वाक्य बोलले नाहीत. नुसतं नाइस, नाइस. तोंडदेखलं. नकार द्यायचा असेल तर आत्ताच द्या म्हणावं, पोरीला ताटकळत ठेवू नका."

उपेंद्ररावांना आधी कळेचना. मग कळलं. खरंच की. आपल्याकडे मुलाचा बाप बैठकीत गप्प बसला, की त्याचा अर्थ एकच होतो. ते स्वतः किती बैठकांना गेले होते, तिथे मुलाचा बाप छताकडे बघत बसला की बाकीचे डोळ्यांनी एकमेकांना सांगायचे, चला, उठा, गणित जमत नाही. बोललो असतो तर माझ्या बोलण्याने मोडलं असतं, आता गप्प राहून मोडतोय. काय माणूस आहे मी! तोंड उघडलं तरी आग लावतो, मिटलं तरी धूर.

"मग आता बोलू?"

"बोला! पण ते नाही हं! दुसरं काहीतरी बोला."

दुसरं. उपेंद्ररावांनी डोकं धरलं. पन्नाशी उलटून गेली होती आणि माणसाकडे दुसरं काही बोलायलाच नव्हतं. हवा? बंदर? ते विचार करत तंबूत परत आले, तर धनंजयराव त्यांच्या रिकाम्या खुर्चीसमोर उभे होते. कुशल आणि संजना जरा लांब, एकमेकांकडे न बघता उभे होते. संजनाचे डोळे लाल झालेले दिसत होते.

धनंजयरावांनी हात जोडले.

"उपेंद्रराव, आमचं काही चुकलं असेल तर तोंडावर सांगा. माझं वागणं खटकलं असेल तर त्याची शिक्षा पोरीला नको."

"अहो, नाही, नाही, भलतंच काय..."

"खरं सांगू? मला गाड्यांतलं ओ की ठो कळत नाही. मी कंटेनरांमधला माणूस. संजना म्हणाली, कुशलच्या बाबांना जुन्या इंग्रजी गाड्यांच्या नावांचं वेड आहे. म्हटलं, पहिली भेट आहे, पाहुण्याला आवडेल असं काहीतरी करावं. म्हणून मुद्दाम आजचा दिवस ठरवला. संजनाला म्हटलं, तू कुणाला सांगू नकोस, त्यांना सरप्राइज देऊ. आठवडाभर व्हिडिओ बघितले. ऑफिसात दार लावून पाठ केलं हो. कुठलं खरं, कुठलं खोटं, मला काय कळतंय? आज सकाळी हिच्यासमोर दोनदा म्हणून दाखवलं." त्यांनी जोडलेले हात अजून खाली घेतले नव्हते. "तुम्हाला बहुतेक ते फार पोरकट वाटलं."

हा माणूस आपल्यासाठी अभ्यास करून आला होता! सगळं आयुष्य ज्या गोष्टीवर लोकांनी जांभया दिल्या, ती कुणीतरी दार लावून पाठ केली होती, आणि आपण दोन तास त्याला मनातल्या मनात शिव्या दिल्या. उपेंद्ररावांना स्वतःची इतकी लाज वाटली की शपथ, सोयरीक, सगळं क्षणभर विसरायला झालं. त्यांनी धनंजयरावांचे जोडलेले हात धरले.

"पोरकट? अहो, मी थक्क होऊन ऐकत होतो. माझ्या तोंडून शब्द फुटेना."

"मग बरोबर होतं ना सगळं?"

हा प्रश्न आला तेव्हा छायाताईंनी डोळे मिटून घेतले. नवऱ्याला त्या पुरत्या ओळखून होत्या. दुसरं काहीही खोटं बोलेल, पण हे नाही.

"बरोबर," उपेंद्रराव म्हणाले. "अक्षरन्‌अक्षर बरोबर."

"हेरल्ड इंजिनीअर?"

उपेंद्ररावांनी एक श्वास घेतला. "थोर माणूस," ते म्हणाले.

धनंजयरावांचा चेहरा असा उजळला, की बघत राहावं. माणूस एकदम दहा वर्षांनी लहान झाला. "अहो, मग एक राहिलीच की! तुम्ही गप्प म्हणून ती दाखवली नाही मी!" त्यांनी हाताला धरून उपेंद्ररावांना ओढतच तंबूच्या पलीकडे नेलं. सगळी मंडळी मागून निघाली. तिथे एक बुटकी, पिवळीधमक, दोनच माणसांची गाडी उभी होती.

"ही लोटस कंपनीची एलिस! इतरांच्या मानाने नवी, पण आता हिलाही क्लासिकमध्ये धरतात. नाव अर्थातच इंग्लंडच्या राणीवरून. एलिझाबेथचं एलिस. बरोबर?"

"राणीच," उपेंद्रराव म्हणाले. "दुसरं कुणाचं असणार!"

"नो, अंकल."

सगळे वळले. कुशल पुढे आला होता. त्याने धनंजयरावांकडे पाहिलंच नाही, तो बापाकडे बघत होता, आणि त्याचा चेहरा असा काही झाला होता की उपेंद्ररावांना वाटलं, आता ह्याला काय झालं, मी तर शपथ पाळली.

"सॉरी अंकल, पण नाही. कंपनीच्या चेअरमनची नात होती. लिटल गर्ल. एलिसा. तिच्या नावावरून. गाडी पहिल्यांदा लोकांना दाखवली, तेव्हा तिला आत बसवलं होतं." तो बापाच्या शेजारी येऊन उभा राहिला. "अँड हेरल्ड वॉज अ बोट. स्नाइप इज अ बर्ड. बाबांना सगळं माहितीये. ही इज लाइंग. माझ्यासाठी."

"कुशल!" छायाताई म्हणाल्या.

"नो, आई, लेट मी." कुशलने मराठीत बोलायचा प्रयत्न केला, जमेना, परत इंग्रजीत घुसला. "आय वॉज इन केजी. बाबा रोज मला स्कूलला सोडायचे. ही टोल्ड मी अबाउट एलिसा. मी रडलो. म्हटलं, तिच्या नावाची गाडी आहे, माझ्या नावाची का नाही? बाबा म्हणाले, आपल्या गाडीचं नाव कुशलच आहे. फक्त बाहेर लिहिलेलं नाही, नाहीतर सगळेच मागतील." तो हसला आणि डोळे पुसले. "आय बिलीव्ह्‌ड इट टिल ग्रेड थ्री. मी सगळ्या क्लासला सांगितलं होतं."

उपेंद्ररावांना यातलं काहीही आठवत नव्हतं. खरंच नव्हतं. जगातल्या प्रत्येक गाडीच्या नावाची कुळकथा पाठ असलेल्या या गृहस्थाने स्वतः एका गाडीचं नाव ठेवलं होतं आणि तेच तो विसरून गेला होता. त्यांना वाटायचं, पोरगं खिडकीबाहेर बघतंय, ऐकत नाही. पोरगं सगळं ऐकत होतं.

धनंजयराव कुशलकडे बघत होते. मग ते उपेंद्ररावांकडे वळले, आणि त्यांना हसू आवरेना. "म्हणजे हेरल्ड बोट? आणि तुम्ही मला थोर माणूस म्हणालात?" ते पोट धरून हसायला लागले, आशाताई हसल्या, संजना रडता रडता हसली. "अहो व्याही, मग तुम्हीच सांगा आता! पहिल्यापासून! त्या मायनरपासून! मी ऐकतो, मला खरंच ऐकायचंय!"

"गो ऑन, बाबा," कुशल म्हणाला. "सगळं सांगा. आय मीन इट."

ओळीने सगळ्या गाड्या उभ्या, माणसं कान देऊन उभी, पोटच्या पोराची परवानगी. असा दिवस या माणसाच्या आयुष्यात पूर्वी कधी आला नव्हता आणि पुन्हा येईल याची खात्री नव्हती. उपेंद्ररावांनी तोंड उघडलं. पण धनंजयरावांनी "व्याही" म्हटलेलं त्यांच्या कानात अजून वाजत होतं, आणि डोळ्यांना पिवळी गाडी नीट दिसत नव्हती.

"नावं राहू देत हो," ते म्हणाले. "आधी साखरपुड्याची तारीख बघू."

छायाताईंनी नवऱ्याच्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता. मग आशाताईंनी पर्समधून फोन काढला, कॅलेंडर उघडलं, आणि सगळे त्यांच्याभोवती जमले.